सोमवारची पुडी

५ फेब्रुवारी, गुरुवार

सगळं बदललं ते सोमवारी सकाळी सहा वाजता. दर्पणने बॉयलरखालची राख पिशवीत भरून पुढे केली आणि मी ती घेतली. ‘नको’ म्हणता आलं असतं. म्हणालो नाही.

आज कळलं – स्वातीच्या भावाची मुलगी, चार महिन्यांची, पालघरला दवाखान्यात आहे. कपाळावर आणि बेंबीभोवती फोड. भस्म लावलं तेवढ्याच जागी.

पुडी मी दिली होती.

नीट लिहून काढतो. डोक्यात ठेवलं तर नुसता राग येतो, आणि कुणाचा येतो ते कळत नाही.

आम्ही शिरगावच्या महादेवाचे गुरव. वडिलांच्या, आप्पांच्या, डोळ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी महिनाभर धूर-धूळ बंद सांगितली. म्हणून देऊळ माझ्याकडे आलं. नाहीतरी दीड वर्षापूर्वी प्रॅक्टिकलच्या सरांची कॉलर धरली तेव्हापासून कॉलेज सुटलंय, मी घरीच. आई म्हणाली, देवाचं तरी कर.

वर्षाचं भस्म शिवरात्रीला तयार करतात. यंदा डबा आधीच तळाला गेला. आप्पांनी खाटेवरून सांगितलं तसा मागच्या पडवीत ढीग रचला – शेजारच्या दादूच्या गाईच्या शेणाचे वाळवलेले गोळे, भोवती भाताचं तूस. शनिवारी पेटवला. आप्पांनी एकच बजावलं होतं. तीन दिवस हात लावायचा नाय. वारा घालायचा नाय, उचकून बघायचं नाय. आपलं आपण जळू दे.

मी रविवारीच उचकलं.

आत काळे, अर्धवट जळलेले गोळे. हवा लागून एकदा फुलले आणि विझलेच. चाळण भिंतीवर फेकून मारली.

घाई कसली, तर सोमवारी स्वाती येते. बोईसरला एका कंपनीत पॅकिंगला आहे ती. बसच्या आधी साडेसातला देवळात येते, वडिलांसाठी पुडी घेते. भिकाकाका ती कपाळाला आणि होडीच्या नाळेला, पुढच्या टोकाला, लावल्याशिवाय समुद्रात जात नाहीत. आठवड्यातली माझी तेवढीच पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांत तिला रिकामा डबा दाखवायचा? मला जमलं नसतं.

दर्पण माझा शाळेपासूनचा मित्र, कुंभवलीजवळच्या एका कंपनीत बॉयलरवर आहे. पहाटेच गाडी काढून गेलो. तो हसला. म्हणाला, आमच्याकडं पण तूसच जळतो, राखेला काय जात असते का रे? आणि खरं सांगायचं तर ती राख आप्पांच्या भस्मापेक्षा पांढरी होती. मऊ होती. मला ती आवडली!

स्वाती आली. ओंजळ पुढे केली. नव्या पिवळ्या ओढणीत होती. मी पुडी बांधून दिली, तिने डोळ्यांना लावली.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

परत कुंभवलीला. दर्पणला गेटबाहेर बोलावलं. आधी टाळाटाळ करत होता, मग बोलला. भट्टीत नुसतं तूस नसतं. कधीमधी कंपनीच्या केमिकलचा वाळलेला गाळही टाकतात.

‘‘सांगितलं का नाहीस?’’

‘‘तू इचारलंस का? मला वाटलं लोकं टिळा लावतील न् धुऊन टाकतील. बाळाला कोण राख लावतं रे?’’

हात उठला होता. खाली घेतला. आमच्या गावात पहिलं बाळालाच लावतात. दिवेलागणीला, दृष्ट नको लागायला म्हणून. हे त्याला नसेल माहीत. मला माहीत होतं.

७ फेब्रुवारी, शनिवार

आप्पांनी डबा मागवला. डोळ्यांवर काळा चष्मा, दिसत काहीच नसणार. चिमूट घेतली, अंगठा-बोटात चोळली. वास घेतला.

‘‘हे माझं नाय,’’ म्हणाले.

मी डब्याचं झाकण शोधायला लागलो.

‘‘देण्याआधी सोताला लावलंस?’’

गुरवाने पहिली तीन बोटं स्वतःच्या कपाळावर ओढायची, मगच दुसऱ्याला द्यायचं. लहानपणापासून बघतोय. सोमवारी मी लावलं नव्हतं. मुद्दाम नाही असं मला वाटत होतं. आता वाटत नाही.

‘‘नाय लावलं,’’ म्हणालो.

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. मलाच राहवलं नाही – चिडूनच विचारलं, राखेत असतं तरी काय एवढं? आप्पा बराच वेळ डब्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. म्हणाले, ‘‘काय नसतं. तेच तर हाय. जळायचं ते सगळं जळून गेलंय, आता आग लावली तरी पेटणार नाय. ते कपाळाला लावायचं. रोज सकाळी आठवावं, की आपलं बी इतकंच उरणार हाय. मग मानूस जरा नीट वागतो.’’ आणि मग, हळू आवाजात – ‘‘त्याला घाई करून चालत नाय रं.’’

संध्याकाळी स्वातीचा मेसेज. ‘खरं सांग, ते भस्म कुठलं होतं?’

उत्तर लिहिलं. पुसलं. परत लिहिलं. पुसलं.

८ फेब्रुवारी, रविवार

मारुतीकाका आले, देवस्थान कमिटीचे. बरोबर आणखी दोघं. चहा घेतला नाही. बोलणं सरळ होतं. आप्पांना आता दिसत नाही, भस्म करताना काहीतरी मिसळलं गेलं असेल, माणूस म्हणून आम्ही समजू शकतो. पण लेकराचा जीव आहे. शिवरात्रीची पूजा मासवणच्या गुरवाला सांगू. पुढचं गुरुवारच्या बैठकीत ठरेल.

पुढचं म्हणजे देऊळच. आजोबांच्या आजोबांपासूनचं.

मी दाराआड उभा. रस्त्यात कुणी नुसता कट मारला तरी उतरून भांडणारा मी – दाराची कडी धरून तिथेच राहिलो! एकच वाक्य बोलायचं होतं.

आप्पांनी डबा जवळ ओढला. तीन बोटं बुडवली आणि कपाळावर या कानापासून त्या कानापर्यंत आडवी ओढली. दोन्ही दंडांवर ओढली.

‘‘डबा माझा, हात माझा,’’ म्हणाले. ‘‘काय ते मला इचारा.’’

मारुतीकाका खाली मान घालून गेले. आई म्हणत राहिली, धुवा आता, धुवा. रात्री झोपेपर्यंत धुतलं नाही त्यांनी.

९ फेब्रुवारी, सोमवार

स्वाती आली नाही. तिची बस गेली.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आप्पांच्या कपाळावर तीन लाल पट्टे, वर बारीक, पाणी भरलेले फोड. म्हातारी कातडी, पातळ. आई खोबरेल लावतेय आणि मला शिव्या देत नाहीये. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिला सगळं कळलंय.

आप्पांना विचारलं, का लावलंत? तुम्हाला तर माहीत होतं ते भस्म नाही.

‘‘तू सांगशील म्हणून थांबलो व्हतो,’’ म्हणाले. ‘‘शनिवारी थांबलो. रविवारी मारुती दारात आला, तवर थांबलो.’’

एवढंच. आवाजही चढवला नाही. मग चहा मागितला.

बाळीला घरी आणलं, असं दूधवाल्याने सांगितलं. फोड सुकतायत. डाग राहणार नाही म्हणे. पडवीत गेलो आणि रडलो. अर्धवट जळलेले गोळे तिथेच पडून आहेत.

ठरवलं – गुरुवारच्या बैठकीत बोलायचं. मग वाटलं, बोललो की स्वाती गेली. कायमची. मी गुरवाचा पोर आणि ती मांगेल्या मच्छीमाराची पोर, तिच्या घरी आधीच भुवया चढलेल्या, त्यात हे! मग वाटलं, आप्पा तरी काही बोलणार नाहीत. हा दुसरा विचार आला तेव्हा स्वतःचीच किळस आली. पण आला.

११ फेब्रुवारी, बुधवार

मारुतीकाका नारळ घेऊन आले. अंगणात त्यांचा आवाज ऐकून आप्पांनी टोपी कपाळावर खाली ओढली. मारुतीकाका पाया पडले त्यांच्या. म्हणाले, चूक झाली आमची. भिकाच्या पोरीने काल घरात कबूल केलं – पुडी तिच्याच हातून धुण्याच्या सोड्यात पडली होती, भीतीने बोलली नाही. भावजयीने तिला बाळीजवळ फिरकायला बंदी केलीय. भिकाने हात उचलला तिच्यावर. बैठक रद्द. शिवरात्र तुमचीच.

आप्पांनी नारळ बाजूला ठेवला. माझ्याकडे तोंडही वळवलं नाही.

फोनवर तिचा मेसेज. ‘आता गप बस. आप्पा सुटले.’

पुडी सोड्यात पडलीच नव्हती; माझं उत्तर आलं नाही त्यावरूनच तिने ओळखलं असणार, आणि खोटं बोलून सगळं स्वतःवर घेतलं. मीही सुटलो. आता कुणाला कधीच कळणार नाही.

चार वाजलेत. भिकाकाका घरी असतील, भाऊही असेल. मारतील तर मारू देत, हात उचलणार नाही. आईला सांगितलं, जेवायला थांबू नकोस. निघालो. दार ओढून घेतो.