जी साहेब

अण्णा, तुमी लातूरच्या कोर्टात जन्मभर पट्टेवाले म्हणून दारात उभे राहिलात, नावं पुकारलीत, साहेबाची खुर्ची पुसलीत आन घरी येऊन आमा लेकरांना सांगायचात, साहेब चुकत न्हाई. आता ऐका साहेबाचं.

माझी नात बारा वर्षाची. लेक नवऱ्याला सोडून कंधारला माझ्याजवळ राहती, पोरगी तिच्यासंगं. जावयानं नांदेडच्या कोर्टात अर्ज टाकला, पोरगी मला द्या, लातूरला क्लास हायत, कंधारात तिचं डॉक्टर व्हायचं नुकसान होऊन राहिलंय. पोरीला रक्त बघून चक्कर येती, ती कशाची डॉक्टर. पण आजकाल लातूरचा क्लास म्हणलं की जज बी मान डोलावतोय. ही जज बाई होती, माझ्या लेकीच्या वयाची. निम्मी सुनावणी क्लासवरच, कोणता, हॉस्टेल कसं, मास्तर कुठले. पोरगी कुणाच्या ताटात जेवती, हे कुणी इचारलं न्हाई.

मग पोरीला आत चेंबरमधी बोलावलं. आमी तिला तुमच्याच रीतीनं तयार केलं होतं. हात जोड, खाली बघ, इचारलं की जी साहेब म्हण, जास्ती बोलू नको. बाईनं चॉकलेट दिलं आन इचारलं, "पप्पांकडे लातूरला जाशील ना, बाळा?" पोरगी म्हणली, "जी साहेब." झालं. मुलीची मर्जी म्हणून लिवून टाकलं. पोरगी बाहेर आली, माझा पदर धरून म्हणती, "आजी, मी नीट बोलले की. आता घरी जायचं ना?"

तवा मला भूकंपानंतरचं ते पोरगं आठवलं. आई-बाप ढिगाऱ्यात गेलेले, न्यायला मामा आलता, चुलता बी आलता. पोरगं मामाचं बोट सोडीना. तुमीच त्याला व्हरांड्यात शिकिवलंत, साहेबाला उलटं बोलू नको, जी म्हण. साहेबानं इचारलं, चुलत्याकडं जातो का, ते म्हणलं जी. मी तवा बाळंतपणाला माहेरी आलते. भाकरी मोडत तुमी सांगत होतात, "पोरगं शहाणं, एक शब्द उलटा बोललं न्हाई." चुलीपाशी मायचा हात थांबला, तव्यावरची भाकरी करपली, आन तुमी त्याच्यावरूनच तिला बोललात. असला तुमच्या साहेबांचा न्याय. लेकराला आधी भिववायचं, मग त्याचीच मर्जी म्हणून लिवायचं.

आमी औरंगाबादला अपील टाकलंय. वकील म्हणतो, पोरीला परत इचारतील. तवर ती जावयाकडं जाणार, कपडे बांधून ठिवलेत.

हे पत्र तुमाला धाडायचं न्हाई. वाचून तुमी साहेबाचीच बाजू घेताल. पण काल मी पोरीला नवं शिकवायला बसले. मी खुर्चीवर जज, ती म्होरं उभी. इचारलं, लातूरला जाशील का. तिनं माझ्या डोळ्यात बघितलं आन म्हणली, "न्हाई जायचं." आन माझ्याच तोंडातून निघालं, "असं बोलत्यात व्हय साहेबाला?"

पोरीनं लगेच हात जोडले, खाली बघितलं.