ह्युएनत्संगाच्या काठीचा धोटा

१ ऑक्टोबर १९५३
आजपासून प्रेमिलाचा विचार करायचा नाही. ती माझी चुलत बहीण आहे आणि मला तिचा मत्सर नाही. इतकंच, की दिल्लीच्या प्रदर्शनात हातमाग चालवून दाखवायला विणकरांच्या सोसायटीतून एक मुलगी जाणार, आणि ती मी असणं न्यायाला धरून आहे. बाबांनी मला अक्षरांच्या आधी तारा मोजायला शिकवलं. प्रेमिला गप्पा मारत शिकली.
दसऱ्यानंतर सेक्रेटरी मनोहररावांना नमुन्यादाखल साडीचा काठ विणून द्यायचा आहे.

४ ऑक्टोबर
काकांबरोबर साड्या विकायला प्रेमिला मुंबई पाहून आली, कलकत्ता पाहून आली. मी रामटेकच्या पुढे गेलेली नाही. कारण उघड आहे. आजोबा त्यांचा मागावर सूत फेकायचा धोटा तिला देऊन गेले. ह्युएनत्संग हा चिनी यात्रेकरू आमच्या पूर्वजांकडे उतरला, काठी विसरला, त्या काठीचा हा धोटा, असं ते सांगत. ज्याच्या हाती धोटा, त्याला प्रवास घडतोच.
बाबा म्हणतात, तुझ्या आजोबाले गोष्टी लय सुचत. बाबा इतिहासात कच्चे आहेत.

७ ऑक्टोबर
काठ सुरू केला. एक तार ढिली वाटली. उसवला.
आई म्हणाली, काहून उसवून राहिली वं, मले तर काही दिसत नाही. आईला चष्मा लागणार.

१२ ऑक्टोबर
वीतभर झाला होता. मनाला लागून राहिलं. उसवला.
शेजारून प्रेमिलाच्या मागाचा खटखटाट, मध्येच हसू. मागावर बसून हसू नये.
दोष माझ्या हातात नाही. धोट्यात आहे.

१७ ऑक्टोबर, खांडेनवमी
दोन्ही घरचे धोटे आणि फण्या हळदकुंकू लावून काकांच्या ओसरीवर पूजेला मांडल्या. दसरा होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. सगळे जेवायला बसल्यावर मी लावला. ही चोरी नव्हे. तिचा उचलला तिथे माझा ठेवला. शिवाय देवापुढची वस्तू देवाची, म्हणजे तेवढा वेळ ती प्रेमिलाची नव्हतीच. देवाची क्षमा मागितली. प्रेमिलाची मागायचं कारण दिसलं नाही.
पानावर उशिरा बसले. प्रेमिला वाढत होती. म्हणाली, हात पिवळे कसे वं तुझे, लग्न ठरलं का? काकूंना ठसका लागेपर्यंत सगळे हसले.

१९ ऑक्टोबर
नव्या धोट्याने बसले. जड आहे. बोटाला फोड आला, पण प्रवास म्हटला की कष्ट आलेच. सांजेपर्यंत हातभर काठ झाला, इतका सुरेख की विश्वास बसेना. म्हणून तपासला.
उसवला.

२२ ऑक्टोबर
मनोहरराव उद्या येणार. पेटी उन्हात ठेवली. दिल्लीला थंडी असते, स्वेटर कुणाचा मागावा हे ठरवण्यात दुपार गेली.

२३ ऑक्टोबर
मनोहररावांनी प्रेमिलाचा काठ पसंत केला. त्यात दोन तारा चुकल्या होत्या. मी लगेच दाखवून दिल्या. ते म्हणाले, चुकल्या असतील बाई, पण काठ तर आहे. तुमचा कुठं आहे?
माझ्या मागावर चार बोटं होता. तो मात्र निर्दोष होता.

२८ नोव्हेंबर
प्रेमिलाला पोचवायला स्टेशनवर गेलो. परक्या वस्तूचं ओझं मनाला सोसवेना, म्हणून धोटा पदराखाली नेला होता. मी तोंड उघडायच्या आत तीच कानाशी येऊन म्हणाली, "ठेव वं तो तूच. हातात घेताच समजलं मले, हा माझा नाही म्हणून. तुझा किती हलका आहे. तोच दिल्लीले घेऊन चालली मी. त्या जड्यानं तर फोड येऊन राहिले होते."
गाडी सुटली. खिडकीतून बराच वेळ हात हलवत होती. इतका वेळ हलवायची गरज नव्हती.

६ डिसेंबर
भिवापूरच्या मावशीचा निरोप आला. लाल मिरच्या वाळवायला माणूस कमी पडतं, मुलगी पाठवा. बाबा म्हणाले, जाय, संक्रांतीपर्यंत राहून ये, तेवढाच तुले प्रवास.
म्हणजे धोटा खरा आहे.
उद्या छोट्या गाडीने निघते. धोटा नेत नाही. तिथून आणखी कुठे धाडतील, सांगता येत नाही.