बाबांच्या हातातलं इंग्रजी

सोमवार, ३ जून

क्निफे!

बाबांनी आज 'नाइफ' असा वाचला. मी हसले. नको इतकी हसले. तेही हसले, पण जरा उशिरा.

आजपासून शिकवणी सुरू. मास्तरीण मी, विद्यार्थी बाबा. एकतीस वर्षं छापखान्यात जुळारी होते — शिशाचे खिळे एकेक उचलायचे आणि ओळ जुळवायची. इंग्रजी पुस्तकंच्या पुस्तकं जुळवली. चूक शून्य. पण वाचलं एकही नाही! अक्षरं ओळखीची, शब्द परके. फेब्रुवारीत छापखाना बंद झाला, खिळे भंगारात गेले, आणि बाबा खुर्चीत. दिवसभर पेपरची घडी घालतात, उलगडतात, परत घालतात.

आता कायद्याची पुस्तकं छापणाऱ्या एका छापखान्यात जागा निघालीय. मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा, समोर बसलेला प्रूफरीडर तो छापलेल्या कागदाशी ताडून बघणार. सगळं इंग्रजी. २१ तारखेला चाचणी.

"एवढं जमलं की मी परत माणसात," बाबा म्हणाले. थट्टेत म्हणाले. थट्टा नव्हती.

मंगळवार, ४ जून

वेड-नेस-डे. देवा!

गुरुवार, ६ जून

'रिसीट'वरून भांडण.

"यातला पी बोलायचा नाही," मी.

"का?"

"तो गप्प असतो."

बाबांनी चष्मा काढला. "अगं, पावतीपुस्तकं किती जुळवली असतील मी! दर वेळी तो पी खणातून उचलला, ओळीत बसवला, काम झालं की परत खणात टाकला. बाकीच्यांएवढाच जड होता. आणि आता तू म्हणतेस तो नव्हताच?"

मी तीन वर्षं इंग्रजी साहित्य शिकले, हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. मग शोधून काढलं — कधीकाळी विद्वानांना दाखवायचं होतं की हा शब्द लॅटिनच्या खानदानातला, म्हणून पी घुसवला. कर्जाच्या 'डेट'मधला बीसुद्धा तसाच.

"म्हणजे मोठ्या घरची ओळख सांगायला!" बाबा.

आतून आई — "तुमच्या थोरल्या बहिणीसारखं!"

"तिला मध्ये आणू नकोस."

"मी कुठे आणते? ती येतेच."

रविवार, ९ जून

शेपूट एकच — ओ यू जी एच. आणि आवाज बघा! दो. थ्रू. टफ. कॉफ.

"नियम काय?" बाबा.

"नाहीये."

"नियमाशिवाय एवढी मोठी भाषा चालते कशी?"

"आपलं घर चालतं तशी," आई म्हणाली. "लिहिलेलं एक, बोललेलं दुसरं, आणि केलेलं तिसरंच!"

मग मी सांगितलं की पूर्वी यातलं बरंचसं जसं लिहायचे तसंच बोलायचे. बोलणं बदलत गेलं, पण तोवर छापखाने आले होते. छापणाऱ्यांनी लिहिणं जवळजवळ आहे तिथेच धरून ठेवलं.

"म्हणजे हा घोळ आमच्याच लोकांचा!" केवढे खूश झाले! दोनदा सांगायला लावलं. संध्याकाळी आईलाही सांगितलं — जसं काही त्यांनीच केलं होतं सगळं.

माझी विरामचिन्हं नसलेली कथा परत आली. संपादक लिहितात — 'वाचताना धाप लागते.' लागू दे! आज वाईट वाटायला वेळच नाही.

बुधवार, १२ जून

अख्खं पान वाचलं बाबांनी! 'आयलंड'मधल्या एसला अलगद वळसा घातला. 'कर्नल'पाशी मात्र थांबले. कागदावर बोट फिरवून र शोधला. मिळाला नाही.

"उसना आणलेला दिसतो," म्हणाले, आणि पुढे गेले.

रोज दाढी करायला लागलेत.

शनिवार, १५ जून

वाईट दिवस.

गंमत म्हणून मी शब्द सांगितले, त्यांनी लिहायचे. 'नाइफ' लिहिला — के नाही. 'रिसीट' लिहिला — पी गायब! एकतीस वर्षांत ज्या माणसाच्या ओळीत चूक नाही, त्याने दहात चार चुका केल्या. आणि त्यांना त्या लगेच दिसल्या. मी बोलायच्या आधी.

"जीभ आली, हात गेला," एवढंच म्हणाले. कागदाच्या चार घड्या करून खिशात घातला.

मी शिकवत होते की पुसत होते?

रविवार, १६ जून

शिकवणी बंद. आईचे टोमणेसुद्धा!

मंगळवार, १८ जून

सकाळी बाबा खिडकीशी पुटपुटत होते. मी हळूच जवळ गेले. तोंडाने 'रिसीट', आणि उजवा हात मांडीवर चाललाय — इथून आर, तिथून ई... आणि तो पी! खण आता कुठेच नाहीत, पण कुठलं अक्षर कुठे होतं ते हाताला पाठ.

"दोन्ही एकदम जमतंय का बघतोय," म्हणाले.

जमतंय! फक्त 'थ्रू'ला तोंड केव्हाच मोकळं होतं आणि हात मागे जी, एच उचलत बसतो. मग तोंडाने थांबायचं, हात येईपर्यंत. मी शब्द सांगत गेले, ते बोलत आणि उचलत गेले. दीड तास. नंतर लिहून बघितलं. वीसपैकी वीस!

आईने न मागता दोघांना दूध दिलं. "प्या, मास्तर मंडळी."

शुक्रवार, २१ जून

सगळं नीट लिहिते.

लांबट खोली, दोन टेबलं, त्यातलं एक रिकामं. प्रूफरीडर साठीच्या पुढचे, ओळीखाली लोखंडी पट्टी धरून बसलेले. मला कोपऱ्यात स्टूल मिळालं. बाबा वाचायला लागले. काय वाचलं! डेट, रिसीट, सगळं स्वच्छ. मी मनात टाळ्या वाजवतेय.

अर्ध्या पानावर प्रूफरीडरांनी हात वर केला.

"कुणी शिकवलं?"

"मुलीने."

"छान शिकवलंय. पण आमच्या काही कामाचं नाही."

मी स्टूलवरून उठलेच.

"अहो, तुम्ही 'डेट' म्हणालात. आता छापताना बी पडलाय का, ते मला कानाने कसं कळणार? इथे डेब्ट म्हणायचं. रिसीप्ट म्हणायचं. स्वल्पविराम आला की कॉमा म्हणायचं. इथे इंग्रजी बोलायचं नसतं हो, मोजायचं असतं."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी फरशीकडे. अठरा दिवस घासून घासून मी नेमकं तेच काढून टाकलं होतं! छापखान्यात विचारायला हवं होतं ना आधी. माझ्या डोक्यातच आलं नाही.

बाबांनी पान परत हातात घेतलं. आणि सुटले — कोलोनेल, इसलँड, वेडनेसडे, कॉमा! एक अक्षर सांडलं नाही. शेजारच्या खोलीतून कुणीतरी डोकावून गेलं. प्रूफरीडर गालात हसत पट्टी सरकवत होते.

मग ते म्हणाले, "आता उलटं करू. मी वाचतो, तुम्ही तपासा."

बाबांनी छापलेला कागद घेतला आणि — उलटा धरला! डोकं खाली, पाय वर. मला वाटलं, संपलं.

"असा कसा धरलात?" प्रूफरीडर.

"सरळ धरला की शब्द दिसतो, साहेब. उलटा धरला की अक्षरं दिसतात. खिळे उलटेच असतात ना, तीच सवय."

पाच चुका काढल्या. प्रूफरीडरांच्या यादीत चारच होत्या. पाचवीवर त्यांनी बराच वेळ पट्टी धरून ठेवली.

"सोमवारी कळवतो," म्हणाले. हसत नव्हते.

शनिवार, २२ जून

बाबा शांत. मीच येरझाऱ्या घालतेय. "बस गं," आई म्हणाली, "फरशी झिजेल."

सोमवार, २४ जून

फोन आला. बाबांना घेतलंय — पण वाचायला नाही, तपासायला. रिकामं टेबल त्यांचं. आता त्यांच्यासमोर बसून वाचायला माणूस हवाय. उद्यापासून मी.