कंत्राटदारांना वळण

३ तारीख, सोमवार. सकाळी ८.१०
कारखान्यातल्या देखभालीच्या चाळीस कंत्राटी माणसांचा ताबा आजपासून माझ्याकडे. मोठे साहेब मान वर न करता म्हणाले, सांभाळा. माणसावर विश्वास असला की बघावंही लागत नाही.
संकल्प : शिस्त. शिस्त. शिस्त.

४ तारीख
कंत्राटदाराचा मुकादम भेटला. त्याला सगळे मामा म्हणतात. म्हणाला, भट्टीच्या मोठ्या पंख्याचं बेअरिंग आवाज करतंय, चार तास बंद करून बदलू. मी म्हटलं, आधी फॉर्म भरा. फॉर्म मीच तयार केलाय, अकरा रकाने. त्याला बारीक अक्षर दिसेना, म्हणून शेवटी मीच भरला. पण पद्धत तर पडली!

६ तारीख
मामाने लांब स्क्रूड्रायव्हर पंख्याला टेकवून त्याची मूठ माझ्या कानाला लावली. मला काही ऐकू आलं नाही. शेरा मारला : आवाज नाही.

७ तारीख
मामा पुन्हा आला. म्हणाला, पंखा बंद पडेल तेव्हा फॉर्म वाचायला थांबणार नाही. हा उद्धटपणा! तसाही यांचा करार संपतोच आहे. नवी कंपनी आणणार. घरी सांगितलं, तर बायको म्हणाली, काम कोण करणार मग? हिला व्यवस्थापनातलं कळत नाही.

१३ तारीख
नव्या कंपनीचा माणूस टाय लावून आला. बत्तीस स्लाइड दाखवल्या. एकीवर दोन हात हस्तांदोलन करत होते. भरून आलं.

१४ तारीख
नवी माणसं आली. निळा गणवेश, कडक इस्त्री. सगळ्यांत पुढे मामा. मागे तेच एकोणचाळीस. म्हणाला, त्यांना माणसं हवी होती, आम्हाला काम. निळा बरा दिसतो ना साहेब?
डगमगलो नाही. कंपनी नवी, म्हणजे सुरक्षेचं प्रशिक्षणही नव्याने. तीन दिवस. ते संपेपर्यंत एकाचंही कार्ड गेटवर चालणार नाही, असा नियम काढला.

१५ तारीख. दुपारी १२

गेटबाहेरच्या प्रशिक्षणाच्या खोलीत ‘पंख्याजवळ घ्यायची काळजी’ शिकवत होतो. मामा एकदम उठला. म्हणाला, पंखा गेला. मी म्हटलं, बोलायचं असेल तर आधी हात वर करा. तेवढ्यात भोंगा वाजला.
सगळे गेटवर. कार्ड कुणाचंच चालेना. माझं चाललं. आत मी एकटा, बाहेरून मामा फोनवर सांगतोय, भट्टी थंड करायच्या पाण्याचं लाल चाक डावीकडे फिरवा. मी फिरवलं. भोंगा थांबेना. तो ओरडला, तुमच्या डावीकडे हो! मी म्हटलं, माझ्याच डावीकडे फिरवतोय. तो म्हणाला, घड्याळ कुठल्या हातात आहे?
घड्याळ उजव्या हातात होतं.
शेवटी मोठ्या साहेबांनी स्वतः गेटचा दांडा उचलला.

१६ तारीख
बेअरिंग बदललं. पाच तास लागले. कुणी भाजलं नाही. मामाने मला चहा दिला.  चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

१८ तारीख, मंगळवार
मोठ्या साहेबांनी बोलावलं. शाबासकी असेल म्हणून नवा शर्ट घातला. मामा तिथेच बसला होता. साहेब मला काढायलाच निघाले होते. मामा म्हणे मध्ये पडला : राहू द्या, माणूस वाईट नाही, सहा महिने माझ्या हाताखाली द्या.
पिवळं हेल्मेट मिळालं. त्यावर लिहिलंय : शिकाऊ. घरी बायकोने घालून दाखवायला सांगितलं. मला वाटलं होतं घट्ट होईल.
अगदी बरोबर बसलं.