दोष माउंटचाच असावा

८ नोव्हें., शनि.
देवयानी दीर्घिकेचा फोटो परत वाया. तारे तांदळाच्या दाण्यासारखे लांबट. गच्चीवर तीनदा ध्रुवतारा खुणेवर आणला, तीनदा सरकला. कॅमेरा ताऱ्यांबरोबर फिरवणारं माउंटच गेलं असणार. बारा वर्षं झाली त्याला. आता हलकं घ्यायचं, पाठीवर टाकून गुरसरायच्या शेतावर एकटीला नेता येईल असं.

१० नोव्हें.
शाळेतून थेट सदर बाजार, सक्सेनाजींच्या दुकानात. दोन दाखवली. छोटं तळहाताएवढं, पण ध्रुवतारा हातानंच जुळवायचा, दोन बारीक स्क्रू केसभर फिरवून. मोठं स्वतःच जुळवून घेतं, पण बॅटरीसकट मला उचलवेना.
"मैडम, छोटा लीजिए. बस, हाथ सधा होना चाहिए."
हात स्थिर हवा म्हणे. मी हसले. उजवा हात ओढणीखाली घेतला.

१२ नोव्हें.
झोप नाही. मागच्या वर्षीची वही काढली. तेव्हा एका ओळीत सात शब्द. आता अकरा. अक्षर एवढं बारीक कधी झालं?
वही कपाटात, साड्यांखाली.

१५ नोव्हें., शनि.
छोटं आठवडाभर वापरायला आणलंय. संध्याकाळी गच्चीवर स्क्रू काही केल्या जमेना. ह्यांना हाक मारली, "अहो, जरा बघता का? चष्मा विसरले." ह्यांनी आयुष्यात माउंटला हात लावलेला नाही. दोन मिनिटांत जुळवलं. तारे गोल, टाचणीच्या टोकासारखे.
"फर्स्टक्लास! हेच घे."
मग, काय वाटलं कोण जाणे, जुनंही त्यांनाच लावायला सांगितलं.
तेही गोल.
म्हणजे माउंट

१६ नोव्हें.
चहा देताना कप बशीवर वाजला. ह्यांनी कप काढून घेतला, बाजूला ठेवला.
"दिवाळीपासून बघतोय. तू सांगशील म्हणून थांबलो होतो."
"काही नाही, थकवा आहे."
"चष्मा तर डोक्यावरच होता काल."
रडले. हे हात धरून बसले. उजवाच.
सोमवारी, २४ ला, ग्वाल्हेरचे डॉक्टर. नंबर ह्यांनी आधीच लावला होता. राग आला. बरंही वाटलं.

२० नोव्हें.
सक्सेनाजींचा फोन. "कौन सा रख रही हैं?" मंगळवारी सांगते म्हटलं. "इसमें इतना क्या सोचना, मैडम!"
छोटं घेतलं तर स्क्रू ह्यांनी फिरवायचे. मोठं घेतलं तर उचलायचं ह्यांनी. हे दोन्हीला तयार. मला मात्र शेतावर एकटीनं बसायचं असतं. हे त्यांना कसं सांगू, दुखावतील.

२३ नोव्हें., रवि.
उद्या ग्वाल्हेर. जुने रिपोर्ट, डबा, सगळं भरून ठेवलं.
संध्याकाळी हे भाजीला सीपरी बाजारात गेले, तेवढ्यात मी छोटं घेऊन गच्चीवर गेले. उजव्यानं नाहीच झालं. डाव्यानं केलं. पाऊण तास. मान आखडली, दोनदा स्क्रूच सापडेना. शेवटी ध्रुवतारा खुणेवर आला आणि थांबला. दोन मिनिटांचा एक फोटो घेतला.
खाली गेटचा आवाज. हे आले.
कॅमेरा बंद करून खाली आणलाय, टेबलावर आहे. फोटो अजून उघडलेला नाही.