चोचवाली पहिलीत

३ मार्च
नापास! एकाहत्तराव्या वर्षी, आणि तेही स्वतःच बांधलेल्या शाळेत!

घडलं ते असं. शाळेचं नवं सभागृह महिन्याभरात उघडायचं आहे. परवाच्या बैठकीत उत्साहाच्या भरात मी बोलून बसले — "उद्घाटनाला हिब्रू स्तोत्र मी स्वतः वाचणार!" टाळ्या पडल्या. दादानं तेवढ्या भुवया उडवल्या. मला हिब्रूतलं एक अक्षर येत नाही, हे जगात फक्त त्यालाच ठाऊक. बाकीच्यांना वाटतं, ज्यू मुलांसाठी तीन शाळा काढणारी बाई म्हणजे हिब्रू कोळून प्यायलेली असणार.

म्हणून आज गुपचूप मुख्याध्यापिकाबाईंकडे गेले. वयानं माझ्या निम्म्याही नाहीत, पण समोर उभं राहिलं की आपोआप पदर सारखा केला जातो. म्हटलं, मला शिकवा. त्या म्हणाल्या, "आधी चाचणी." कोण कुठल्या वर्गात बसणार ते चाचणीवर ठरतं, कुणाचीही शिफारस चालत नाही, असा नियमच आहे म्हणे. भिंतीवर लावलेला दाखवला. खाली माझीच सही!

पहिलीत घातलं.

५ मार्च
पहिलीचा बाक म्हणजे काय प्रकार आहे! गुडघे हनुवटीला टेकतात. शेजारी सहा वर्षांची पोरगी, पुढचे दोन दात पडलेले. तिनं मला खालीवर न्याहाळलं आणि विचारलं, "आजी, तू किती वर्षं नापास झालीस?"

"पासष्ट," म्हटलं.

तिला इतकी दया आली की तिनं मला आपला खोडरबर देऊन टाकला.

९ मार्च
दोन अक्षरं अशी आहेत की फरक फक्त कोपऱ्यात. एकाचा टोकदार, दुसऱ्याचा गोल. बस्स! असला माल माझ्या किटल्यांच्या कारखान्यात आला असता तर आल्या पावली परत पाठवला असता. बाईंना तसं म्हटलंही.

"दोन हजार वर्षांत कुणाची तक्रार आलेली नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही दहा वेळा लिहून आणा."

१२ मार्च
वर्तमानपत्राची मुलगी आली होती. नेहमीचाच प्रश्न — न ठिबकणारी किटलीची चोच तुम्हाला कशी सुचली? नेहमीचंच उत्तर दिलं: टेबलावरची चादर धुऊन धुऊन जीव मेटाकुटीला आला होता. तिनं लिहून घेतलं. साफ खोटं!

खरं काय ते इथे लिहिते. बाबा दादाला जेवणाच्या टेबलाशी हिब्रू शिकवायचे. मुलीला काय करायचंय, म्हणून मला नाही. चहा ओतायला मात्र मी! मी मुद्दाम सावकाश ओतायची, तेवढीच दोन अक्षरं कानावर. एकदा किटली ठिबकली आणि थेंब नेमका पुस्तकावर पडला. "बाहेर जा," बाबा म्हणाले. त्या दिवसापासून धड्याच्या वेळी खोलीचं दार बंद.

पुढे अकरा वर्षं हात धुऊन त्या चोचीच्या मागे लागले. तिच्यावर कारखाना उभा राहिला, लोक 'चोचवाली' म्हणायला लागले. पण दादा आत आणि मी बाहेर, हे काही डोक्यातून जात नाही. अजून राग येतो. त्या बिचाऱ्यानं काय केलं होतं? तरी येतो!

१७ मार्च
ओळीतली सगळी अक्षरं एकदम अंगावर धावून येतात. म्हणून कारखान्यातल्या मिस्त्रीकडून पितळेची पट्टी करून घेतली, मधे एका अक्षरापुरती खिडकी. सरकवत जायचं, एका वेळी एकच पाहुणा. झकास चालते!

शेजारच्या पडक्या दातांच्या पोरीनं लगेच मागितली. मग पुढच्या बाकानं, मग मागच्या. मधल्या सुट्टीपर्यंत माझ्याकडे अकरा पट्ट्यांची मागणी जमली होती. बाईंनी पट्टी जप्त केली. वर्गात धंदा करायचा नाही. मला कोपऱ्यात उभं केलं — वय बघून फक्त दोन मिनिटं.

१८ मार्च
बाईंनी पट्टी परत दिली. खालच्या आवाजात म्हणाल्या, "पन्नास मिळतील का?"

२० मार्च
आज पहिला अख्खा शब्द वाचला! 'पाणी'. तडक कारखान्यात जाऊन मिस्त्रीला वाचून दाखवला. तो हातातलं काम ठेवून उभा राहिला. "वा! आणि पुढे, बाई?"

पुढचं अजून येत नाही म्हटलं.

२५ मार्च
स्तोत्र ठरलं. नऊ ओळी. सहसा कुणाच्याच तोंडी नसलेलं बाईंनी मुद्दाम शोधून काढलंय. "नेहमीचं दिलं तर तुम्ही पाठ करून याल." ओळखून आहेत मला! वर आणखी एक अट — पहिलीची वाचनाची चाचणी पास झाले तरच व्यासपीठावर.

३१ मार्च
नापास. पुन्हा! चार ठिकाणी गोल कोपरा टोकदार वाचला. पडके दात एकदाही चुकले नाहीत.

मग स्तोत्र वाचणार कोण? बाई म्हणाल्या, "तुमचे दादा आहेत की. साठ वर्षं प्रार्थनामंदिरात पहिल्या रांगेत असतात." अर्थात! आत कोण? दादा! बाहेर कोण? मी! घरी येऊन दोन किटल्या आपटल्या. माझ्याच कारखान्याच्या, त्यामुळे काही झालं नाही त्यांना.

फार लागलंय मनाला. इथे लिहायला काय हरकत आहे.

२ एप्रिल
दादाचा फोन. घसा पार बसलाय म्हणे, वाचणं जमणार नाही. हे सगळं खणखणीत आवाजात! म्हटलं, एवढा मान आयता मिळतोय आणि वर नखरे? मध चाट आणि गप ये.

३ एप्रिल
आज चष्मा हरवला म्हणे. मी डॉक्टरांकडून त्याचा नंबर काढून नवा करायला टाकला. बघू आता काय हरवतो!

४ एप्रिल
दादा आला. मागच्या दारानं. पुस्तक कोटाच्या आत दडवलेलं.

"अगं, मला वाचता येत नाही," म्हणाला.

बाबा समोर बसले की त्याला समोरचं काही दिसेनासंच व्हायचं. म्हणून ऐकून ऐकून सगळं पाठ केलं. साठ वर्षं, शेजारचा पान उलटतो तेव्हा हा उलटतो. हे स्तोत्र कुणी म्हणतच नाही, मग ऐकणार कुठून?

"तुला बाहेर काढलं ना, त्या दिवशी मला तुझा इतका हेवा वाटला होता!"

त्याला शेजारी बसवलं. दार लावून घेतलं. पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं आणि ते कुठलं ते सांगितलं. त्यानं तीनदा विचारलं. मी तीनदा सांगितलं, आवाज न चढवता.