शीट नंबर सात

१२ मार्च

आणि वर मलाच म्हणते, माझ्या वजनाची काळजी तू करू नकोस! मग कुणी करायची? दोन वर्षं फोनवर हेच चाललंय. ताई दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीत बसते, दिवसभर खुर्चीत. म्हटलं, घरी चालत जात जा. म्हणाली, "जाते की. लोक गाड्यांतून वाकून बघतात." मी म्हटलं, बघतात म्हणूनच कमी कर ना! फोन ठेवला तिने. ठेवू दे. तिच्या बारीक व्हायच्या कोर्ससाठी मी पैसे साठवतोय, हे तिला कुठे माहीत आहे!

१३ मार्च

वारा फार, काम बंद. खोलीत टीव्ही. जाड बाई खुर्चीवर बसली, खुर्ची मोडली. सगळी खोली खो खो हसली. मीही.

१६ मार्च

चौकातलं मोठं होर्डिंग. कागद वीस शीटमध्ये येतो, मागे नंबर. नंबर बघायचा, खळ लावायची, चिकटवायचं. दोराला टांगलेल्या झुल्यावर असताना चित्र कसलं ते कळतच नाही, नाकासमोर नुसते ठिपके. खोलीतला लंबू खाली दोर धरून ओरडत होता, "अरे, पोट संपलं का नाही? अजून दोन शीट पोटच दिसतंय!" मी वरून ओरडलो, "खळ संपली, पण पोट संपेना!" मुकादमसुद्धा हसला.

मग उतरलो. रस्ता ओलांडून वर बघितलं.

डावीकडे जाड बाई, डोळ्यांवर काळी पट्टी, खाली 'आधी'. उजवीकडे बारीक बाई, खाली 'नंतर'. ती कोण देव जाणे. पण डावीकडचीच्या खांद्यावर एक हात आहे, मनगटापासून कापलेला. सात नंबरचं शीट. मीच लावलेलं. करंगळी अर्धीच.

माझी करंगळी!! मशीनमध्ये गेलेली.

ताई आहे ती. माझी ताई!

लंबू म्हणाला, "ऊन लागलं काय रे?"

संध्याकाळी – आता डोक्यात प्रकाश पडला. जानेवारीत त्या कोर्सवाल्या कंपनीचं मोबाईलवर आलं होतं, फोटो पाठवा, मोफत सल्ला मिळवा. आम्हा दोघांचा एकच चांगला फोटो होता, तोच पाठवला. खाली बारीक अक्षरांची दोन पानं. मला तेवढं वाचायला दिवस गेला असता. 'मान्य' दाबून टाकलं.

१७ मार्च

कंपनीत फोन केला. बाई गोड बोलली. "सर, तुम्हीच संमती दिलीय ना? आणि डोळे झाकलेत की आम्ही." डोळे झाकले म्हणजे माणूस झाकला!

मुकादमाला म्हटलं, काढू या. म्हणाला, "बहीण असो नाहीतर आई, महिन्याचं भाडं भरलंय त्यांनी. आणि एक काढून काय करशील? सगळ्या गावांत लागलंय."

सगळ्या गावांत!

१८ मार्च

ताईला फोन केला. दहा दिवस झाले म्हणे, तिच्या बस स्टॉपवरच लावलंय. रांगेतले लोक तिला 'आधीबाई' म्हणतात. हसत सांगत होती. मला का नाही सांगितलंस? "तू तिकडे दोरावर लटकलेला असतोस. कशाला तुझं डोकं फिरवू?" मग म्हणाली, "कुणी मेल्याने चोरून दिला फोटो कोण जाणे. पण तुझा हात तेवढा राहिलाय बघ खांद्यावर. तो बघते आणि पुढे जाते."

मुकादम बोलावतोय म्हणालो आणि फोन ठेवला.

१९ मार्च

परत ती खुर्चीवाली बाई. मी टीव्ही बंद केला. लंबू भडकला. "का रे? बहीण लागते का तुझी?"

२१ मार्च

ताईचा मेसेज. 'वकील बघितलाय. फोटो कुणी दिला ते कंपनीला सांगावंच लागेल म्हणतो. फी कमी पडतेय. जमेल तेवढे पाठव.'

कोर्सचे सगळे पाठवतोय. सोबत दोनच शब्द लिहिले, त्यालाच तास गेला. 'मीच दिला.'

अकरा हजार पाचशे.